हाडाचा मांडव

पावसाळ्यात मुरबाडकडच्या कोणत्याही पाड्यावर जा, घरामागे काकडीचा नाहीतर शिराळ्याचा मांडव दिसेलच. चार मेढी आणि वर काटक्या. मांडव वेल वाढवत नाही, तिला चढायला जागा देतो. आज मी अशाच एका मांडवाबद्दल बोलणार आहे. त्यावर वाढतं ते हाड.

काही वर्षांपूर्वी शहापूरजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर एका तरुणाला ट्रकची धडक बसली. नडगीच्या हाडाचा दोन बोटं रुंदीएवढा तुकडा रस्त्यावरच राहिला. वडिलांनी मला विचारलं, "डॉक्टर, मधलं हाडच नाही, तर जुळणार कशाला?" प्रश्न बिनतोड होता. मोडलेलं हाड नीट धरून ठेवलं तर शरीर ते सांधतं, पण मोठी फट आपणहून भरत नाही.

मुंबईला त्याच्या कमरेच्या हाडाचे बारीक तुकडे काढून ती फट भरली. आजही हीच पद्धत सर्वांत खात्रीची मानतात. पण कमरेत हाड मोजकंच मिळतं. शिवाय हा मुलगा कित्येक महिने म्हणायचा, "पाय बरा आहे हो, कंबरच ठणकते."

मग दुसरं काय भरायचं? 1892 मध्ये ड्रीसमान नावाच्या जर्मन डॉक्टरांनी चक्क प्लास्टर ऑफ पॅरिस भरून पाहिलं. ते काही आठवड्यांतच विरघळतं. वेल चढायच्या आत मांडव कोसळला म्हणायचा! हाडातल्या खनिजाच्याच जातीचं हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट घ्यावं, तर ते वर्षानुवर्षं तसंच बसून राहतं. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट या दोहोंच्या मधलं. नवं हाड धरण्याचा वेग आणि मांडव विरघळण्याचा वेग जुळवणं, खरी कसरत ती आहे. त्यात छिद्रंही हवीत, साधारण एक दशांश ते अर्ध्या मिलिमीटरची आणि एकमेकांत उघडणारी, म्हणजे रक्तवाहिन्या आत शिरतात. रक्त पोहोचलं नाही, तर मांडव रिकामाच. आणि हा पदार्थ ठिसूळ, तेव्हा पायाचा भार पेलायला धातूची पट्टी किंवा सळई लागतेच.

दान केलेलं हाडही मांडवाचं काम करतं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1988 मध्ये ऊतिपेढी सुरू झाली. तिथे असं हाड स्वच्छ करून, गोठवून सुकवतात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. त्यात जिवंत पेशी उरत नाहीत. रुग्णाच्याच पेशी आत शिरून हळूहळू आपलं हाड घडवतात.

मांडव कोणताही असो, तंबाखू त्याचा वैरी. रक्तपुरवठा कमी होतो, हाड धरायला उशीर लागतो. तो मुलगा परवा येऊन गेला. यंदा लावणीला चिखलात उतरला होता म्हणे. बिडी सुटली का, असं विचारलं, तर आईकडे बघून नुसता हसला.