फटफटीचा आवाज कोणाचा?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, नाट्यसंगीत असे विषय शोभून दिसतात. त्या पंक्तीत मोटारसायकलच्या सायलेन्सरचे पान मांडलेले पाहून काहींना नवल वाटले असेल. परंतु हा विषय आम्ही मागून घेतला. मंडळातील तरुण मंडळी हिवाळा लागला की दूरच्या प्रवासाला निघतात. कधी धमतरी-कांकेरवरून केशकालचा घाट चढून जगदलपूरला, कधी चिल्पी घाटाने कान्ह्याच्या अरण्याकडे, तर कधी भंडाऱ्यावरून नागपूरला आजोळी. त्यांतील कित्येकांनी गाडीचा मूळ सायलेन्सर उतरवून बाजारातला दुसरा चढविला आहे आणि त्यावरून घरोघरी वाद झडत आहेत. वडील म्हणतात, ‘हा गोंगाट आधी बंद कर.’ चिरंजीव म्हणतात, ‘बाबा, तुम्हाला यातले कळत नाही.’ आमचे उभे आयुष्य यंत्रांच्या सहवासात गेले. म्हणून उभय पक्षांना ऐकविण्यासारखे चार शब्द आमच्यापाशी आहेत.

प्रथम तरुणांची बाजू. मराठीने या वाहनाला ‘फटफटी’ असे नाव दिले, ते त्याच्या चाकावरून अथवा वेगावरून नव्हे, तर आवाजावरून. १९५५ साली मद्रासेत बुलेटची जुळणी सुरू झाली. तेव्हापासून त्या गाडीची धडधड हीच तिची ओळख होऊन बसली. या धडधडीचे कारण अगदी साधे आहे. जुन्या ३४६ सी.सी.च्या बुलेटला एकच सिलिंडर, आणि इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांमागे एकच स्फोट. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला जेमतेम सात ठोके पडतात. एवढे ठोके कानाला सुटे सुटे जाणवतात, जणू काही कोणी संथ लयीत ठेका धरला आहे. या लयीची ओढ वाटणे यात गैर काहीच नाही. ओढ लागावी असाच तो ठेका आहे.

आता सायलेन्सरचे कार्य पाहू. स्फोटानंतर तप्त वायू प्रचंड दाबाने बाहेर पडतो. त्याला तसाच मोकळा सोडला तर प्रत्येक ठोका बंदुकीच्या बारासारखा वाजेल. सायलेन्सरमध्ये कप्पे, भोके पाडलेल्या नळ्या आणि आडव्या पडद्या असतात. त्यांतून वळसे घेताना वायू पसरतो, निवतो, त्याचा जोर ओसरतो. काही सायलेन्सरांत काचेच्या लोकरीचे अस्तर असते, ते आवाज शोषून घेते. या विद्येचा इतिहास मोठा मार्मिक आहे. १८८४ साली मशीनगन निर्माण करणारे हायरम मॅक्सिम आपल्याच तोफांच्या भडिमाराने उतारवयात ठार बहिरे झाले, आणि बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या साधनाचे पेटंट १९०९ साली मिळविले ते त्यांच्याच पुत्राने. पुढे तेच तत्त्व या पुत्राने इंजिनांच्या सायलेन्सरांना लावले. पित्याने आवाज जन्माला घातला, पुत्राने त्याला आवर घातला. आपल्या घरांत आज नेमके उलटे चालले आहे, एवढेच.

बाजारात मिळणाऱ्या सायलेन्सरांची नावेही ठसकेबाज असतात: कुठे ‘इंदौरी’, कुठे ‘पंजाब’, कुठे ‘शॉर्ट बॉटल’. त्यांच्यासाठी तीन दावे केले जातात. गाडी हलकी होते, शक्ती वाढते आणि आवाज भारदस्त होतो. पहिला दावा बहुधा खरा असतो, कारण कंपनीचा सायलेन्सर जड असतो. तिसऱ्याबद्दल शेजाऱ्यांना विचारावे. दुसऱ्याची मात्र बारकाईने छाननी करावयास हवी. इंजिनात येणारी हवा, पेट्रोलचे प्रमाण आणि बाहेर जाणाऱ्या वायूची वाट यांचा मेळ कारखान्यात घातलेला असतो. केवळ शेवटची वाट रुंद केल्याने शक्तीत पडणारा फरक रस्त्यावर जाणवण्याइतका क्वचितच असतो. उलट घाटात कमी फेऱ्यांवर जो जोर हवा असतो, तोच कित्येकदा घटतो.

शिवाय आजची गाडी ही कालची गाडी नव्हे. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ चे निकष लागू झाले. त्यानंतरच्या गाड्यांत पेट्रोलचे माप संगणक ठरवितो आणि जळालेल्या वायूची वार्ता त्याला ऑक्सिजन सेन्सर देतो. वायूच्या वाटेवरच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे विष तो बऱ्याच अंशी उतरवितो. बदललेल्या पाइपाबरोबर हा कन्व्हर्टर निघून गेला, तर आपल्या मागे चालणाऱ्या प्रत्येकाच्या श्वासात आपण भर घातली असे समजावे. आणि थ्रॉटल सोडताच ‘पटाखा’ फुटतो म्हणून जे कौतुक चालते, ते म्हणजे इंजिनात न जळलेले पेट्रोल तापलेल्या पाइपात भडकणे होय. मराठीत याला घरचे पैसे रस्त्यावर उधळणे म्हणतात.

आता आवाजाचे गणित. १७५ सी.सी.हून मोठ्या मोटारसायकलींसाठी ८० डेसिबलची कमाल मर्यादा घातलेली आहे आणि ती साडेसात मीटर अंतरावरून मोजतात. पुष्कळांना वाटते की ८० च्या जागी ९० झाले तर आवाज थोडासा वाढला. वस्तुतः डेसिबलची शिडी निराळी आहे. तिच्यावर दहाची वाढ म्हणजे ध्वनीची शक्ती दसपट. ९० डेसिबलची एक गाडी म्हणजे नियमात बसणाऱ्या दहा गाड्या एकत्र. १०० डेसिबलची एक गाडी म्हणजे अशा शंभर गाड्या! रात्री तात्यापाऱ्याच्या गल्लीतून एकटाच पोरगा जातो आहे असे त्याला वाटते. खिडकीआड निजलेल्याच्या कानावरून मात्र वरात जाते. निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि रुग्णालये व शाळांच्या भोवतीचे १०० मीटरचे क्षेत्र शांतता क्षेत्र ठरविता येते. जी.ई. रोडने टाटीबंधच्या एम्सवरून जाताना याचे स्मरण असू द्यावे. भिंतीपलीकडे कोणाचा आजचा दिवस कसा गेला, हे आपल्याला ठाऊक नसते.

कायदाही मुका नाही. वाहनाच्या मूळ रचनेविरुद्ध फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मज्जाव केलेला आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाने केलेल्या बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही होऊ शकतात. ध्वनी आणि धुराच्या मर्यादा ओलांडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहन चालविण्याचा परवानाही तीन महिने हातचा जाऊ शकतो. नागपूर-पुण्याच्या पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरविला, ते आपण वृत्तपत्रांत पाहिले आहे. परंतु दंडाच्या भीतीने शहाणे होणे हे तरुणाईला शोभत नाही. म्हणून याहून मोठे कारण सांगतो.

रायपूर ते जगदलपूर सुमारे तीनशे किलोमीटर. सहा तासांचा प्रवास आणि मिनिटाला ३,००० फेरे धरले, तर वाटेत ५,४०,००० स्फोट होतात. प्रवासी गाडीची खरी परीक्षा या लांबीत असते. चौकातून चौकात जाताना जो आवाज शौर्याचा वाटतो, तोच कांकेर ओलांडेपर्यंत डोक्यात घण घालू लागतो. थकवा येतो, लक्ष ढळते आणि केशकालची वळणे तर पुढेच असतात. मोठ्या आवाजाने जीव वाचतात असेही सांगण्यात येते. परंतु सायलेन्सरचे तोंड मागे असते आणि धोका बहुधा समोरून येतो. काचा चढविलेल्या ट्रकच्या चालकास आपला आवाज पोचेपर्यंत आपणच पोचलेले असतो.

आमच्या नोकरीच्या काळात एका कारखान्यात आम्ही असे सहकारी पाहिले, की ज्यांचे कान पन्नाशीतच थकले. ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही सावधगिरीची सीमा मानतात. दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो, म्हणजे ९४ ला एकच तास. अशा गोंगाटाने कान एकदम बंद पडत नाहीत. आधी वरच्या पट्टीतले ध्वनी जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ ही अक्षरे पुसट होतात, लहान मुलांचे बोलणे अस्पष्ट होते. त्या सहकाऱ्यांना यंत्राची घरघर अखेरपर्यंत ऐकू येई. नातवंडांची हाक तेवढी ऐकू येत नसे. आपण मुलुखापासून दूर राहणारी माणसे. घराबाहेर दिवसभर हिंदी आणि छत्तीसगढी, मराठी ऐकावयास मिळते ती घरात आणि या मंडळात. तेवढी तरी स्वच्छ ऐकू यावी, म्हणून कान जपावेत.

आणखी एक विचार आपल्या इतिहासातून सुचतो. १७४१ साली भास्करपंत कोल्हटकर नागपूरकर भोसल्यांची फौज घेऊन या प्रदेशातून बंगालच्या स्वारीवर गेले. त्या टापांची आठवण धाक म्हणून राहिली. १७५८ साली बिंबाजी भोसले रतनपूरला येऊन राहिले. त्यांचे नाव तेथील रामटेकडीच्या मंदिराशी जोडले गेले, आणि दसऱ्याला सोने देण्याची चाल या भागात त्यांनीच रुजविली असे सांगतात. परक्या मुलुखात माणसाची आठवण त्याच्या धडाक्याने राहते तशीच त्याच्या वागणुकीनेही राहते. कोणती राहावी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता थोडे व्यवहाराचे. सायलेन्सर गंजला किंवा अपघातात चेपला, तर बदलावाच लागतो. तेव्हा कंपनीचाच, अथवा आपल्या मॉडेलसाठी मान्यताप्राप्त असलेला घ्यावा. कन्व्हर्टर आणि सेन्सर जागेवर आहेत ना, हे मेकॅनिकजवळ उभे राहून पाहावे. आतली जाळी कापून घेऊ नये. आवाज अचानक वाढला तर आधी बेंड पाइपाचे गॅस्केट व नट तपासावेत. पुष्कळदा दोष तेवढाच असतो. ज्यांनी आधीच बदल केला आहे, त्यांनी माळ्यावर ठेवलेला मूळ सायलेन्सर खाली काढावा. आणि हौसेसाठी पैसा बाजूला काढलाच असेल, तर चांगले टायर, चांगले हेल्मेट, आणि मागे बसणाऱ्या माणसासाठी चांगली सीट यांवर तो खर्च करावा.

ज्येष्ठांनाही एक विनंती. पोरांना नुसते रागावू नका. एखाद्या रविवारी त्यांच्या गाडीजवळ जाऊन बसा, इंजिनाची माहिती विचारा. ऐकून घेणारे कोणी असले, की मोठ्याने बोलण्याची गरज पुष्कळ कमी होते. हे यंत्रांपेक्षा माणसांना अधिक लागू आहे.