पार्थेनॉनचा शिल्पपट्ट



पत्रिकेवर विषय वाचून एका स्नेह्यांनी मला विचारले, "इमारतीच्या कपाळावरच्या नक्षीविषयी तासभर काय बोलणार?" शंका रास्त आहे. नक्षी असली तर बरी, नसली तरी काही अडत नाही, अशीच आपली समजूत असते. म्हणून सगळ्या नक्षीकामाचा पसारा न मांडता मी एकाच पट्टीविषयी बोलणार आहे. त्या पट्टीवरून गेली दोनशे वर्षे वाद चालला आहे.

ही पट्टी बसते कोठे, ते आधी पाहू. ग्रीक देवळाच्या खांबांवर आडवी तुळई असते, सर्वांत वर पुढे आलेली कंगणी असते आणि या दोहोंच्या मध्ये एक पट्टा असतो. त्याला इंग्रजीत फ्रीझ म्हणतात. मी शिल्पपट्ट म्हणेन. आपल्या जुन्या देवळांच्या जोत्यावर गजथर, अश्वथर, नरथर असतात, त्यांचाच हा दूरचा भाऊबंद समजा. मात्र आपला थर पायाशी असतो, मूल हात लावील इतका जवळ. ग्रीकांनी तो डोक्यावर नेला. त्यांच्या डोरिक पद्धतीत हा पट्टा तुटक असतो: तीन उभ्या पट्ट्यांचा एक ठोकळा, मग शिल्पाचा एक चौकोन, पुन्हा ठोकळा. आयोनिक पद्धतीत तो अखंड धावतो.

अथेन्सच्या टेकडीवरील पार्थेनॉनमध्ये दोन्ही आहेत. इ.स.पू. ४४७ मध्ये पेरिक्लीसच्या कारकीर्दीत हे अथेनादेवीचे मंदिर बांधायला घेतले. इक्टिनोस आणि कॅलिक्रेटीस हे स्थपती, आणि शिल्पांवर देखरेख फिडियसची. बाहेरच्या खांबांवर डोरिक पद्धतीचे ९२ शिल्पचौकोन आहेत. खांबांच्या आत, गाभाऱ्याच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, अगदी छताखाली, आयोनिक पद्धतीचा अखंड पट्ट चारी बाजूंनी फिरवला होता. त्याची लांबी सुमारे १६० मीटर आणि उंची जेमतेम १ मीटर. त्यात माणसे आणि देव मिळून पावणेचारशेच्या वर आकृती, शिवाय दोनशेंहून अधिक जनावरे, बहुतेक घोडेच.

हा सगळा देखावा एका मिरवणुकीचा आहे. अथेनादेवीच्या उत्सवात शहरातून टेकडीवर मिरवणूक जाई आणि देवीला नवे विणलेले वस्त्र अर्पण होई. दर चार वर्षांनी हा उत्सव मोठ्या थाटाचा असे. बहुतेक अभ्यासक पट्टावरील देखावा याच उत्सवाचा मानतात. मंदिराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून मिरवणुकीच्या दोन रांगा फुटतात. एक पश्चिमेवरून उत्तरेकडे वळते, दुसरी दक्षिणेने जाते आणि पूर्वेला, दरवाजाच्या वर, दोन्ही एकमेकींस मिळतात. तेथे बारा देव बसले आहेत आणि मधोमध एक माणूस आणि एक मूल घडी केलेले वस्त्र हाताळीत आहेत. गंमत अशी की देवांनी त्या वस्त्राकडे पाठ केली आहे. ते येणाऱ्या मंडळींकडे पाहत बसले आहेत!

यातली कारागिरी थोडी निरखून पाहण्यासारखी आहे. बसलेल्या देवाचे डोके, उभ्या माणसाचे डोके आणि घोड्यावरच्या स्वाराचे डोके जवळजवळ एकाच रेषेत येते. त्यासाठी घोडे लहान केले आणि देव मोठे. पण हे सांगितल्यावाचून कोणाच्या ध्यानात येत नाही. उठाव जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरचा आहे. तेवढ्यात एकाआड एक असे चार-चार घोडे दौडताना दाखवले आहेत. खालून पाहणाऱ्याला दिसावे म्हणून वरचा भाग खालच्यापेक्षा अधिक उठावाचा कोरला आहे. लगाम ब्राँझचे असत, ते केव्हाच गेले. ते जडवण्यासाठी पाडलेली भोके मात्र अजून दिसतात. त्यावर रंगही होते.

आता प्रश्न असा की, हे दिसत होते कोणाला? पट्ट जमिनीपासून सुमारे १२ मीटर उंच, छताच्या सावलीत, पुढे खांबांची रांग. आत उभे राहावे तर मान मोडते, आणि बाहेरून पाहावे तर खांब आड येतात. काही विद्वान म्हणतात की हे देवीसाठीच कोरले, माणसांसाठी नव्हेच. मला हे पटत नाही. देवीला लगामाची काय गरज? आपण उभे राहून पाहण्याचा विचार करतो, तेथे चूक होते. टेकडीचा दरवाजा पश्चिमेला. येणाऱ्याला आधी मंदिराची पाठ दिसे, मग तो उत्तर बाजूने पूर्वेच्या दाराकडे चालू लागे. म्हणजे मंदिर त्याच्या उजव्या हाताला, आपल्या प्रदक्षिणेसारखेच. पट्टावरची रांगही त्याच दिशेने चाललेली. दोन खांबांच्या फटीतून चार घोडे दिसत, खांब आड येई, पुढच्या फटीत आणखी चार. माणूस चाले तशी मिरवणूक चाले. ती एका जागी उभे राहून पाहायची वस्तूच नव्हती.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. मंदिराचे चर्च झाले, मग मशीद झाली. १६७४ मध्ये एका फ्रेंच वकिलाच्या परिवारातील चित्रकाराने शिल्पांची चित्रे काढून ठेवली, हे आपले नशीब. कारण १६८७ मध्ये तुर्कांनी तेथे दारूगोळा साठवला असता व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा येऊन पडला, आणि मंदिराचा मधला भाग उडाला. १८०१ पासून इंग्रज वकील लॉर्ड एल्गिन याच्या माणसांनी उरलेली शिल्पे उतरवण्यास सुरुवात केली. पट्टाचे दगड जाड होते, भिंतीचाच भाग होते. वजन कमी करण्यासाठी मागची बाजू करवतीने कापून टाकली आणि पुढचा कोरीव पापुद्रा तेवढा नेला. १८१६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने ३५,००० पौंडांना ही शिल्पे विकत घेऊन ब्रिटिश म्युझियमला दिली.

मग त्याची नक्षी झाली! जॉन हेनिंग नावाच्या शिल्पकाराने दोनएक इंच उंचीच्या पट्ट्यांत या मिरवणुकीच्या प्रतिकृती केल्या. मोडलेली डोकी, हरवलेले हात त्याने स्वतःच्या कल्पनेने पुरे केले. इतरांनी त्याच्याही नकला करून विकल्या. लंडनच्या अथीनियम क्लबच्या कपाळावर हीच मिरवणूक बसली. दिवाणखान्याच्या भिंतीवर, छताखाली, एक शोभेचा पट्टा हवाच असा प्रघात युरोपात होताच. त्या जागी हे घोडेस्वारही आले. चहा घेणाऱ्यांच्या डोक्यावरून स्वार दौडत होते आणि कोणी वर पाहत नव्हते.

लंडनच्या त्या लांबट दालनात मी एक दुपार काढली आहे. शिल्पे डोळ्यांच्या उंचीवर आहेत, उजेड चांगला आहे. अथेन्सच्या नागरिकालाही इतके स्पष्ट कधी दिसले नसेल, हे कबूल केले पाहिजे. पण मनाला काहीतरी खटकत होते. बऱ्याच वेळाने उमगले. देवळात हा पट्ट भिंतीच्या बाहेरच्या अंगाला होता, आपण त्याच्याभोवती फिरायचे. येथे तो खोलीच्या आतल्या भिंतींवर लावला आहे, आणि आपण मध्ये. अंगरखा उलटा करून घालावा तसे झाले आहे.

अथेन्समध्ये २००९ साली नवे संग्रहालय उघडले. त्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावर मंदिराच्या गाभाऱ्याएवढाच चौक, मंदिराच्याच दिशेने बांधला आहे आणि पट्ट त्याच्या बाहेरून लावला आहे. काचेतून समोर टेकडीवरचे मंदिर दिसते. तेथे प्रदक्षिणा घालता येते. पण सुमारे ७५ मीटर पट्ट लंडनला आणि ५० मीटर अथेन्सला. मधल्या जागी प्लास्टरचे ठसे आहेत. खरा संगमरवर मधाच्या रंगाचा, ठसा पांढराफटक. चालता चालता दर काही पावलांवर तो पांढरा रंग डोळ्यांत खुपतो. देवांच्या रांगेत झ्यूस आणि अथेना लंडनला आहेत. पोसायडन, अपोलो आणि आर्टेमिस अथेन्सला. देवदूती इरिसचे तर धड लंडनला आणि मस्तक अथेन्सला आहे.

लंडनच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही असे नाही. पश्चिमेचा पट्ट १९९३ पर्यंत मंदिरावरच राहिला आणि अथेन्सच्या धुराने त्याची झीज झाली, हे खरे. पण लंडनमध्येही १९३७–३८ साली शिल्पे पांढरी दिसावीत म्हणून धातूच्या हत्यारांनी खरवडली गेली, हेही खरे. कोणी नीट सांभाळले याचा हिशेब मांडून हा वाद सुटणार नाही. सुटी मूर्ती कोठेही ठेवली तरी मूर्तीच राहते. पट्ट मात्र धावतो म्हणून पट्ट. तुकडे केले की उरतात त्या फरश्या. माझे मत असे की तो एका जागी आला पाहिजे आणि ती जागा अथेन्स आहे. पालेर्मोने आपला तुकडा २०२२ मध्ये आणि व्हॅटिकनने आपले तीन तुकडे २०२३ मध्ये परत केले आहेत.

पश्चिम बाजूला, मिरवणुकीच्या अगदी सुरुवातीच्या भागात, एक माणूस खडकावर पाय ठेवून वाकून वहाणेचा बंद बांधतो आहे. तो अथेन्सला आहे. कोपरा वळताच उत्तर बाजूला एक स्वार निघण्याच्या तयारीत उभा आहे आणि एक पोरगा त्याच्या मागे उभा राहून कमरेचा पट्टा आवळतो आहे. ते दोघे लंडनला आहेत.