चौकातला पब आणि आपण

(खारघर येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



खारघरमध्ये दारू नको, ही मागणी ग्रामपंचायतीच्या काळापासूनची. 2016 मध्ये पनवेल महानगरपालिका झाली, तरी ती संपली नाही. आता काहीजण विचारतात, शांत चौकात एखादा छोटा, घरगुती पब असला तर काय बिघडले? मंद दिवे, ओळखीची माणसे. बायकाही निर्धास्त बसतील. हा शेवटचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. कामावरून सुटल्यावर तासभर निवांत बसायला आपल्याला जागा आहे कुठे? पुरुष नाक्यावर उभा राहिला तर नुसता उभा असतो, बाई उभी राहिली की लगेच, "ही इथे कशाला?"

पण माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बायकांना दिवे मंद की भडक, याने फरक पडत नाही. पगारातले किती घरी आले आणि नवरा कोणत्या अवस्थेत आला, एवढेच त्या मोजतात. न पिणारेही मारतात, हे खरेच. तरी गुत्ता दारात आला की पगार घरापर्यंत पोचायची वाट आणखी अवघड होते.

मात्र बंदी मागताना 2005 आठवा. 15 ऑगस्टपासून डान्सबार बंद झाले, तारांकित हॉटेलांना सूट मिळाली, आणि रोजगार गेला तो नाचणाऱ्या बायकांचा. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ती बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो निकाल कायम केला. तेव्हा स्त्री-संघटना दोन्ही बाजूंना होत्या! म्हणून आपली भाषा "संस्कृती बुडाली" ही नसावी. वस्तीत काय यावे हे ठरवताना बाईला विचारले का, एवढाच आपला प्रश्न.

परवाना मिळाला तरी आडव्या बाटलीचा मार्ग उरतो. 2008 च्या आदेशाप्रमाणे 25 टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की गुप्त मतदान होते. पण निम्म्याहून अधिक मते हवीत ती यादीतल्या सगळ्यांच्या हिशेबाने, आलेल्यांच्या नव्हे. म्हणजे घरी राहिलेली बाई आपोआप उभ्या बाटलीकडे जमा! भाडेकरूंची नावे कितीदा गावाकडच्याच यादीत असतात, आणि टॉवरमध्ये धुणीभांडी करणारीचे मत कोपरा, बेलपाड्याला. तिला पबचे काय वाटते, हे आपण अजून विचारलेले नाही. सह्यांचा कागद तिच्याकडे आधी न्यायचा आहे. रविवारी सकाळी कोण कोण येणार, नावे सांगा.