सांडव्यावरची जाळी

समुद्री मत्स्यटाकीचा सांडवा म्हणजे तिच्या कोपऱ्यातली, दातेरी काठाची उभी पेटी. टाकीतले पाणी त्या काठावरून पेटीत पडते, नळाने खालच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, उतरते, गाळले जाते आणि पंपाने पुन्हा वर चढते. सांडवा म्हणजे काय हे गंगापूर धरणाच्या नाशिक शहराला सांगणे नको. पुराची पातळी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजणाऱ्यांना ते उपजतच कळते.

धरणाच्या सांडव्यावर जाळी नसते. टाकीच्या सांडव्याला ती हवीच. गोगलगाय काच चढत तेथे पोहोचते, दचकलेला मासा उडी मारून पेटीत पडतो. सर्वांत वाईट गत समुद्रफुलाची, म्हणजे ॲनिमोनची. नवे समुद्रफूल मनाजोगा उजेड आणि प्रवाह मिळेपर्यंत टाकीभर सरकत राहते. ते पंपाच्या तोंडाशी गेले तर फाटते, कुजते आणि पाणी नासवून शेजाऱ्यांनाही संपवते.

यावर दुकानात मिळणारा सल्ला ठरलेला: जाळी बारीकात बारीक लावा. तो अर्धाच खरा आहे. भोक बारीक असले तरी त्यातून पाणी जोरात जात असेल, तर मऊ अंगाचा जीव तेथे चिकटतो आणि सोलला जातो. पंप तेवढेच पाणी ओढत असताना निम्मी भोके शेवाळाने बुजली, की उरलेल्या भोकांतला वेग दुप्पट होतो. म्हणून जाळी बारीक असण्यापेक्षा रुंद असणे महत्त्वाचे. ती सांडव्याच्या पूर्ण लांबीवर हवी, आठवड्याला घासायला हवी. ती तुंबलीच तर पाणी घरात येऊ नये म्हणून पेटीत नव्हे, तर टाकीतच, काठाच्या किंचित वर, दुसरा मोकळा नळ लागतो. हे ऐकून जाळी विकणारे नाराज होतात; पण रुंद जाळीही त्यांच्याकडेच मिळते.

लाइट गेल्यावरचा धोका वेगळा. 120 सेंटिमीटर लांब आणि 45 रुंद टाकीत पाण्याचा एक सेंटिमीटर थर म्हणजे 5.4 लिटर. पंपाच्या परतीच्या नळाचे तोंड 15 सेंटिमीटर बुडालेले असेल, तर सायफनने सुमारे 81 लिटर पाणी उलटे संपमध्ये उतरते. त्यामुळे तोंड पृष्ठभागालगत ठेवतात किंवा नळाला तेथे छोटे भोक पाडतात. त्या भोकातही गोगलगाय बसते! एकतर्फी व्हॉल्व्हवर विसंबणारे पुष्कळ, पण क्षार साचला की तो पूर्ण मिटत नाही. संपमध्येच तेवढी जागा रिकामी ठेवणे बरे.

आता मिठाचा हिशेब थोडक्यात. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये उभे राहिले ते समुद्राच्या काठावरच. नाशिकमध्ये मात्र लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ घालून समुद्र घरीच करावा लागतो. वाफ होताना मीठ मागे राहते, म्हणून वाफेची तूट गोड्या पाण्याने भरतात. सांडलेल्या पाण्याबरोबर मीठही जाते, म्हणून भरपाई खाऱ्या पाण्यानेच करायची. 20 लिटर सांडले तर 700 ग्रॅम मीठ गेले.

टाकीतून मासा नाहीसा झाला तर फरशीआधी सांडव्याची पेटी पाहावी. तिथे पाणी खेळते असते, मासा कित्येकदा बऱ्याच दिवसांनीही जिवंत सापडतो.