तबकडीची साक्ष



तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली आणि आपल्या भागात कोल्हापूरकर, सांगलीकर, पुणेकर एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहू लागले. अशा शेजाऱ्यांपुढे जुन्या नाट्यपदांचा विषय काढून पाहा. एक म्हणेल, "आवाज म्हणजे केशवराव भोसल्यांचा!" दुसरा म्हणेल, "अहो, बालगंधर्वांपुढे कोण हो?" मग जुनी तबकडी साक्षीला बोलावली जाते. आता ती मोबाइलवरही ऐकायला मिळते. पण गंमत अशी, की साक्ष ऐकूनही वाद मिटत नाही. तो का मिटत नाही, एवढेच आज पाहू.

या वादाचे मूळ एका रात्रीत आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. खाडिलकरांचे हे नाटक १९११ सालचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्या रात्री भामिनी झाले बालगंधर्व आणि धैर्यधर झाले केशवराव. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन धनी एकाच रंगभूमीवर! कोण सरस ठरले, यावर तेव्हापासून बोलणे चालू आहे.

त्या रात्रीची तबकडी असती तर? पण ती निघणे शक्यच नव्हते. तेव्हा मायक्रोफोनवर तबकड्या निघत नव्हत्या. गवयाने एका मोठ्या भोंग्याच्या तोंडाशी उभे राहून गायचे; आवाजाच्या धक्क्याने सुई हाले आणि मेणावर रेघ उठे. आपल्या वारली बंधूंचा तारपा आठवा. त्याच्या टोकाला ताडाच्या पानांचा रुंद भोंगा असतो, तो आवाज बाहेर फेकतो. इथे उलटे होते: रुंद तोंडातून आवाज आत गोळा करायचा. सगळे नाट्यगृह त्या तोंडात कसे मावणार? आणि तबकडीच्या एका बाजूला वेळ मिळे जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे.

या भोंग्यात आवाजही सगळा शिरत नसे. सेकंदाला साधारण अडीचशे ते अडीच हजार कंपने, एवढाच पट्टा त्यात नीट उतरे. त्याखालचा भरदारपणा आणि वरची झळाळी बाहेरच राही. १९२५ पासून मायक्रोफोनवर मुद्रण होऊ लागले, आणि मग हा पट्टा बराच रुंदावला.

आता तारखा जुळवा. केशवराव ४ ऑक्टोबर १९२१ रोजी वारले. त्या संयुक्त प्रयोगाला तीन महिनेही झाले नव्हते. त्यांचा आवाज मायक्रोफोनपुढे कधी आलाच नाही. बालगंधर्व मात्र १९६७ पर्यंत होते. ते भोंग्यापुढेही गायले आणि मायक्रोफोनपुढेही. तेव्हा दोघांच्या तबकड्या शेजारी ठेवून "याचा आवाज मोठा, त्याचा बारीक" असा निकाल देणे न्यायाचे नव्हे. एकाचे चित्र कोळशाने काढलेले, दुसऱ्याचे रंगांनी. त्यावरून गोरे-काळे ठरवायचे कसे?

बालगंधर्वांच्या तबकड्यांविषयीही दोन मते आहेत. ज्यांनी त्यांना रंगभूमीवर पाहिले ते सांगत, "तबकडीत गंधर्व सापडत नाहीत." 'स्वयंवरा'तली रुक्मिणी शालू नेसून उभी राही, 'वन्स मोअर' पडत, पद वाढत जाई, पुढे तबल्यावर अहमदजान थिरकवा आले. यातले तीन मिनिटांत काय उतरणार? दुसरा पक्ष म्हणतो, "उलट तबकडीतच अर्क आहे, पाल्हाळाला जागाच नाही." माझ्या मते दोघेही खरे बोलतात, पण एक रंगभूमीविषयी बोलतो आणि दुसरा गाण्याविषयी.

आणखी एक खुबी शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावी. तबकडीवर मिनिटाला ७८ फेऱ्या असे लिहिलेले असले, तरी जुन्या तबकड्या नेमक्या त्याच गतीने घेतलेल्या असत असे नाही. ७३-७४ फेऱ्यांनी घेतलेले गाणे ७८ने वाजवले, की सूर जवळजवळ एक पट्टी चढतो. पांढरी चारचे गाणे काळी तीनमध्ये ऐकू येते, आणि तान उगाच घाईची वाटते. गवयाने केलेली घाई कोणती आणि यंत्राने केलेली कोणती, हे आधी तपासावे.

मग तबकडीला विचारावे तरी काय? आवाज किती भरदार होता, नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचे का, हे विचारू नये. ते तिला ठाऊक नाही. पण शब्द कसा टाकला, श्वास कुठे घेतला, समेवर कसे आले, तानेतला प्रत्येक स्वर आपल्या जागी बसला का, हे जरूर विचारावे. ते ती चोख सांगते.

यात जाते काय, असे कोणी म्हणेल. जाते ते असे: चौदा वर्षांच्या मुलाला ती खरखर ऐकून वाटते, "हेच का ते थोर गवई?" आणि तो कायमचा उठून जातो. घरातले वडीलधारे "तुला काय कळतंय?" म्हणून त्याला गप्प बसवतात. दोघांचेही ऐकणे तिथेच संपते. म्हणून वर्गात नाव न सांगता एक पद दोनदा ऐकवा. पहिल्यांदा नुसते ऐकू द्या. मग भोंगा आणि मायक्रोफोन यांतला फरक समजावून सांगा आणि पुन्हा लावा. दोन्ही वेळचे मत मुलांकडून वहीत लिहून घ्या. कोणाचे मत बदलेल, कोणाचे बदलणार नाही. न बदलणाऱ्यालाही शाबासकी द्या. मात्र आपल्या मताचे कारण त्याने सांगितले पाहिजे.