तरुणांना अभयदान

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात एका ज्येष्ठ विश्वस्तांनी केलेले भाषण)



संस्थेच्या आयुष्यात सुवर्णमहोत्सव हा कृतज्ञतेचा क्षण असतो. ज्यांनी पाया घातला त्यांचे स्मरण आज सकाळपासून आपण करीत आहोत. त्यांच्या प्रतिमांना पुष्पहार अर्पण झाले. त्या प्रतिमा पाहताना मला सारखे वाटत होते की, आपण त्यांना वृद्धापकाळातील छायाचित्रांमधून ओळखतो. पण ज्या कार्यामुळे त्यांची छायाचित्रे भिंतीवर आली, त्या कार्याचा आरंभ त्यांनी विशी-पंचविशीत केला होता.

आपल्या दक्षिण महाराष्ट्राचाच इतिहास पाहा. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली, तेव्हा त्या कामात पुढे असलेले आण्णासाहेब लठ्ठे विशीतले तरुण होते. १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात जैन बोर्डिंग सुरू झाले आणि खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांच्या मुलांना शहरात शिकण्याचे दार उघडले. त्याच बोर्डिंगात कुंभोज येथे जन्मलेला एक धिप्पाड, हट्टी मुलगा राहत होता. भाऊराव पायगोंडा पाटील हे त्याचे नाव.

भाऊरावांची थोरवी आपण अभिमानाने सांगतो. पण एक प्रसंग सांगताना आपला आवाज खाली येतो. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव गेले. परतल्यावर, स्नान करूनच भोजनगृहात यावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी स्पष्ट नकार दिला. माणसाच्या स्पर्शाने माणूस विटाळतो हे त्यांना मान्य नव्हते. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

बंधूंनो, हा प्रसंग मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. त्या काळची रूढी तशी होती आणि नियम चालविणारी माणसेही समाजाच्या उन्नतीसाठी झटणारी होती. मला एवढेच लक्षात आणून द्यावयाचे आहे की, ज्यांच्या प्रतिमेला आज आपण हार घालतो, त्यांना त्यांच्या तारुण्यात आपल्याच वसतिगृहाने सामावून घेतले नाही. चांगली माणसे, चांगली संस्था, चांगला हेतू, आणि तरीही समोर उभा असलेला कर्मवीर ओळखता आला नाही!

पुढे काय घडले ते सर्वश्रुत आहे. मॅट्रिकची परीक्षा पार न करू शकलेल्या या तरुणाने सहकाऱ्यांसह दुधगावी सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. साताऱ्यात शिकवण्या केल्या, ओगले आणि किर्लोस्कर यांच्या कारखान्यांच्या मालाची विक्री करीत गावोगाव पायपीट केली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविणारे वसतिगृह उभे केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले. मुलांच्या पोटाला कमी पडू नये म्हणून सौ. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही मोडले. ही मुले नुसती दानावर जगत नव्हती. ती शेतात राबत, स्वयंपाक करीत, आपल्या श्रमाने शिकत. ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र असा आकाराला आला आणि आज महाराष्ट्रातील विद्यापीठांमधूनही तो चालू आहे.

दुसरे स्मरण सांगलीचे. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी भरदुपारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. दादा तेव्हा पंचविशीत होते. पाठलागात त्यांना गोळी लागली. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले. या तरुणांनी अनुभवाचा दाखला मागणाऱ्या कोणाचीही वाट पाहिली नाही.

आता मी स्वतःबद्दल थोडे बोलतो. काही वर्षांपूर्वी आपल्या समाजातील चार-पाच तरुण आणि दोन मुली कार्यकारिणीपुढे एक योजना घेऊन आल्या होत्या. मंगल कार्यालयाचा वरचा मजला लग्नसराई वगळता रिकामा असतो. तेथे स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका रात्रीही उघडी ठेवावी, ती सर्व समाजांतील मुलांना खुली असावी आणि तिचा हिशेब व व्यवस्था आम्हीच पाहू, असे त्यांचे म्हणणे होते. त्या बैठकीत ‘नंतर पाहू’ असे म्हणणारा मीच होतो. वीजबिलाची, किल्ल्यांची आणि लोक काय म्हणतील याची मला काळजी वाटली. ते ‘नंतर’ कधी आले नाही. ती मुले नोकरीनिमित्त बाहेर गेली. आज आपण ‘तरुण पिढी संस्थेकडे फिरकत नाही’ अशी तक्रार करतो, तेव्हा ती मुले आली होती हे मला आठवते.

आपल्या धर्मात दानाचे चार प्रकार सांगितले आहेत: आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. पहिल्या तिन्हींत आपली संस्था कधी मागे राहिली नाही. भोजनशाळा चालते, आरोग्य शिबिरे होतात, शिष्यवृत्त्या दिल्या जातात. पण तरुणांना आपण अभयदान दिले काय? चूक होईल, हिशेब चुकेल, वडीलधारे रागावतील, या भयातून त्यांना मुक्त केले काय? शिष्यवृत्तीचा धनादेश घेताना छायाचित्रासाठी उभे राहणे ही संधी नव्हे. विश्वासाने सोपविलेली जबाबदारी हीच खरी संधी होय.

१९८९ पासून या देशाने अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या हाती मताचा अधिकार दिला आहे. देशाचे सरकार निवडण्यास जो पात्र, तो आपल्या भोजनशाळेचे वेळापत्रक ठरविण्यास अपात्र कसा? २०१४ साली जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्यातून मिळणाऱ्या सवलती जरूर घ्याव्यात. परंतु बाहेरून मिळालेली सवलत घरातील नकाराची भरपाई करू शकत नाही.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तीन गोष्टी मी विश्वस्त मंडळापुढे नम्रपणे ठेवतो. पहिली, प्रत्येक उपसमितीत तिशीच्या आतील दोन सदस्य असावेत, त्यांपैकी एक मुलगी असावी आणि दोघांनाही मताचा अधिकार असावा. दुसरी, संस्थेचा हिशेब, ग्रंथालय आणि कार्यालय येथील काही कामे शिकणाऱ्या मुलांना रीतसर मानधन देऊन सोपवावीत. आपल्या व्यापारी बंधूंनीही आपापल्या पेढीवर एकेका होतकरू मुलास काम शिकण्यास घ्यावे. तिसरी, ती अभ्यासिका सुरू करावी, आणि तिच्या दारावर जातीची चौकट नसावी. विश्वस्तपदाची माझी मुदत संपत आली आहे. माझ्या जागी तरुण व्यक्ती यावी, असे पत्र मी अध्यक्ष महोदयांकडे आजच दिले आहे.

तरुण मित्रांनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. भाऊराव बोर्डिंगातून बाहेर पडले, पण समाजावर रुसून बसले नाहीत. आपल्याला नाकारलेली पंगत त्यांनी हजारो मुलांसाठी मांडली. जबाबदारी मागाल तर हिशेब चोख ठेवा, आणि आम्ही चुकलो तर तोंडावर सांगा.

दशलक्षण पर्वानंतर आपण सर्वांची क्षमा मागतो. ते पर्व आज नाही. तरीही त्या बैठकीतल्या ‘नंतर पाहू’बद्दल मी या व्यासपीठावरून त्या मुलांची क्षमा मागतो. ती येथे नसतील, पण त्यांचे धाकटे भाऊ-बहीण मागे उभे आहेत. पुढच्या रांगेतील काही खुर्च्या रिकाम्या आहेत. मुलांनो, पुढे येऊन बसा.

जय जिनेंद्र.