नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

'नॉमिनी' हा शब्द आता मराठीच झाला आहे. मुदत ठेव ठेवायला बँकेत गेलं की काउंटरवर पहिल्या काही प्रश्नांतच विचारतात, "नॉमिनी कोण?" पोस्टात तेच, विम्याच्या एजंटकडे तेच, सोसायटीच्या ऑफिसात तेच. आपण बायकोचं नाहीतर थोरल्या मुलाचं नाव सांगतो, सही करतो आणि घरी येऊन म्हणतो, "वारस लावून आलो." आज मला जे सांगायचं आहे ते या एका वाक्याबद्दल आहे. नॉमिनीचं नाव दिल्याने वारस लागत नाही. वारस कोण हे मृत्युपत्र ठरवतं, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायदा ठरवतो. फॉर्मवरच्या चौकोनाला तो अधिकार नाही.

मग नॉमिनी म्हणजे कोण? आपल्या पश्चात आपले पैसे, शेअर किंवा सोसायटीतलं सभासदत्व त्या त्या संस्थेकडून ज्याने ताब्यात घ्यायचं, तो माणूस. लग्नात आहेराची पाकिटं घ्यायला घरातलं विश्वासाचं माणूस वही घेऊन बसवतात. पाकीट त्याच्या हातात येतं, नाव तो लिहून घेतो, पण आहेर त्याचा नसतो. नॉमिनीचं स्थान तेच. त्याने घ्यायचं, सांभाळायचं आणि ज्याचं त्याला द्यायचं.

ही सोय कायद्याने मुळात संस्थेसाठी केली आहे. खातेदार गेला की बँकेच्या दारात बायको येते, आई येते, भाऊ येतो. कुणाचा हक्क किती, याचा निवाडा बँकेने कसा करायचा? म्हणून कायदा बँकेला सांगतो की नॉमिनीला पैसे दे, तू मोकळी झालीस. इतर कुणी "पैसे देऊ नका" असं पत्र दिलं तरी बँकेवर ते बंधनकारक नाही. तिला थांबवायचं तर कोर्टाचा आदेश लागतो. कुटुंबाचीही यात सोय आहे. हॉस्पिटलचं बिल, मुलांची फी अशा खर्चांना कोर्टाची वाट न पाहता पैसा हाती येतो. तेव्हा नॉमिनी लावू नका, असं मी मुळीच म्हणत नाही. प्रत्येक खात्याला लावा. त्या नावाने काय होतं आणि काय होत नाही, एवढं मात्र समजून घ्या.

एक खटला सांगते. तो जुना आहे, पण त्यात सगळं आलं. एका गृहस्थांनी आयुर्विम्याच्या दोन पॉलिसी घेतल्या होत्या, प्रत्येकी दहा हजारांच्या. दोन्हींवर नॉमिनी म्हणून पत्नीचं नाव. १९६७ साली ते मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, मुलगा आणि आई. पत्नीचं म्हणणं, नाव माझं आहे, पैसे माझे. आई आणि मुलगा म्हणाले, आमचाही वाटा आहे. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर १९८३ मध्ये निकाल लागला. सरबती देवी विरुद्ध उषा देवी या नावाने तो ओळखला जातो. न्यायालयाने सांगितलं की नॉमिनीला पैसे घेण्याचा अधिकार आहे, मालकी मात्र वारसा कायद्याप्रमाणेच जाईल. तिघांना प्रत्येकी एक तृतीयांश. माणूस गेल्यापासून या निकालापर्यंत सोळा वर्षं गेली होती. भांडण वीस हजारांचं होतं आणि एका घरातल्या सासू-सुनेचं होतं.

हा निकाल इतका स्पष्ट असूनही पुढे शेअरच्या बाबतीत गोंधळ झालाच. कंपनी कायद्यातल्या नामनिर्देशनाच्या कलमाची भाषा वेगळी आहे. शेअर नॉमिनीकडे 'निहित' होतात, असे शब्द तिथे आहेत. त्या आधारावर २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी नॉमिनीलाच शेअरचा मालक ठरवलं. त्या प्रकरणात नॉमिनी होता पुतण्या, आणि दावा घेऊन आली होती मृताची विधवा. डिसेंबर २०१६ मध्ये त्याच उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने हे मत चुकीचं ठरवलं, आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी विरुद्ध साळगांवकर या खटल्यात खंडपीठाचा निर्णय कायम केला. आता शेअर असोत, म्युच्युअल फंड असोत की बँकेतल्या ठेवी, नॉमिनेशन हा वारशाचा तिसरा मार्ग नाही.

विम्यात मात्र थोडं थांबावं लागेल. २०१५ साली विमा कायदा दुरुस्त झाला. स्वतःच्या आयुष्यावरच्या पॉलिसीत आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलं यांना नॉमिनी केलं असेल तर ते त्या रकमेचे 'लाभार्थी' ठरतात, अशी तरतूद आली. याचा अर्थ इतर वारसांचा हक्क संपतो का, यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही. तेव्हा विम्याचे पैसे पत्नीला आणि मुलांनाच मिळावेत अशी तुमची पक्की इच्छा असेल, तर पॉलिसी घेतानाच १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्या. एजंटकडे त्याचा वेगळा फॉर्म असतो. अशी रक्कम पत्नी आणि मुलांसाठी न्यास म्हणून राहते आणि नवऱ्याचे सावकारही सहसा तिला हात लावू शकत नाहीत. धंद्यात कर्ज काढणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा. इतका उपयोगी कायदा आपल्याकडे इतका कमी वापरला जातो, याचं मला वाईट वाटतं.

आता फ्लॅट. मुंबई-ठाणे-पुण्यात सर्वांत कडू भांडणं इथेच होतात. सोसायटीत नामनिर्देशनाचा फॉर्म भरलेला असतो, बहुतेक वेळा मोठ्या मुलाच्या नावाने. वडील जातात, शेअर सर्टिफिकेटवर मुलाचं नाव चढतं आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींना सांगितलं जातं, "घर माझ्या नावावर झालंय." ताई, माई, तुम्ही ऐकत असाल तर नीट ऐका. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी जे प्रकरण घातलं गेलं, त्यात नॉमिनीला 'तात्पुरता सभासद' म्हटलं आहे. खरे वारस सभासद होईपर्यंत तो तिथे आहे. सोसायटीने नाव लावलं म्हणून तुमचा हिस्सा गेला नाही, आणि तुमच्या संमतीवाचून तो फ्लॅट आपला एकट्याचा म्हणून विकण्याचा हक्क भावाला मिळाला नाही. हक्कसोडपत्रावर सही करायची की नाही, हा पूर्णपणे तुमचा निर्णय. प्रेमाने सोडायचा तर जरूर सोडा, पण काय सोडतो आहोत हे वाचून, समजून सोडा.

शेतजमिनीला नॉमिनी हा प्रकारच नाही. तिथे तलाठ्याकडे वारस नोंद करायची, फेरफार मंजूर होतो आणि सातबाऱ्यावर सगळ्या वारसांची नावं लागतात. ती नोंदसुद्धा महसुलासाठी असते. मालकीचा वाद दिवाणी कोर्टातच मिटतो.

मृत्युपत्र नसेल तर कायद्याने वारस कोण? हिंदू पुरुष वारला तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा. वडील या पहिल्या वर्गात नाहीत. आई आहे, हे पुष्कळ सुनांना ठाऊक नसतं, आणि खुद्द आईलाही नसतं. मुलाच्या नोकरीचे, ठेवींचे पैसे सुनेच्या खात्यात जमा झाले की म्हातारी गप्प बसते. तिचा त्यात हक्क आहे, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. मुस्लीम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांचे नियम वेगळे आहेत. गोव्यात तर वेगळाच वारसा कायदा आहे. मुलंबाळं असतील तर तिथे मृत्युपत्रानेसुद्धा निम्म्याहून जास्त मालमत्ता मनाप्रमाणे देता येत नाही. गोव्यातल्या श्रोत्यांनी तिथल्याच वकिलाचा सल्ला घ्यावा.

आता तरुणांसाठी थोडं. पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी फॉर्मांचा गठ्ठा पुढे येतो. प्रॉव्हिडंट फंडाच्या फॉर्मवर भावाचं किंवा मित्राचं नाव घालून आपण ते विसरून जातो. कुटुंब नसताना केलेलं असं नामनिर्देशन लग्न झालं की आपोआप रद्द होतं. नवं करावं लागतं, तेही कुटुंबातल्याच व्यक्तीच्या नावाने. बँकेत नेमकं उलट आहे. तिथलं जुनं नाव तुम्ही बदलेपर्यंत तसंच राहतं, मग मध्ये लग्न होवो की घटस्फोट. लग्न, मूल, घटस्फोट, नॉमिनीचा मृत्यू यांपैकी काहीही घडलं की सगळी कागदपत्रं एकदा काढून बघा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, प्रत्येकाची टक्केवारी ठरवून किंवा एकापाठोपाठ एक. लॉकरला मात्र एकापाठोपाठ एक असेच. जुन्या खात्यावर एकच नाव असेल तर ते वाढवून घ्या.

तुम्ही स्वतः नॉमिनी असाल आणि पैसे हाती आले असतील, तर ते आपल्या खर्चात मिसळू नका. वेगळ्या खात्यात ठेवा, अंत्यविधी, औषधोपचार यांवर झालेल्या खर्चाच्या पावत्या जपा आणि बाकीच्या वारसांना रक्कम लेखी कळवा. आणि तुम्ही वारस असाल, नॉमिनी दाद देत नसेल, तर बँकेशी भांडण्यात वेळ घालवू नका. आधी नॉमिनीला लेखी नोटीस द्या; पैसे उडवले जातील अशी भीती असेल तर लगेच वकील गाठून कोर्टातून मनाई मागा. ठेवी आणि शेअरसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र मिळतं. आपल्याकडे १८२७ च्या मुंबई विनियमाखाली दिवाणी कोर्टाचा वारस दाखलाही मिळतो.

हे सगळं टाळायचं असेल तर मृत्युपत्र करा. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. तुमची सही दोन साक्षीदारांसमोर झाली पाहिजे आणि त्यांनी तुमच्यासमोर सही केली पाहिजे. ज्यांना काही द्यायचं आहे त्यांना साक्षीदार करू नका. तुमच्यापेक्षा वयाने लहान, ओळखीची, सहज सापडतील अशी माणसं निवडा. वय झालं असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडा. खातं, पॉलिसी, फ्लॅट एकेक नाव घेऊन लिहा आणि ते कुणाला, हे लिहा. वडिलोपार्जित मालमत्तेत फक्त आपल्या हिश्श्यापुरतं लिहिता येतं. मन बदललं तर नवं मृत्युपत्र करता येतं. शेवटचं ते खरं. आणि शक्य असेल तिथे नॉमिनी त्यालाच करा, ज्याला ती वस्तू मृत्युपत्राने देणार आहात. मग घेणारा आणि मालक एकच होतो.

मृत्युपत्र कुठे ठेवलं आहे हे निदान दोघांना सांगून ठेवा. ते फक्त आपल्या नावावर असलेल्या बँक लॉकरमध्ये मात्र ठेवू नका. तुमच्यानंतर तो लॉकर उघडायलाच आधी कागदपत्रं जमवावी लागतील, आणि सगळ्यांना हवा असलेला कागद नेमका आत असेल.